मज्जारज्जूची इजा : प्रयोगशाळेतील आशा आणि आपले आजचे कर्तव्य

(रुग्णालयाच्या वार्षिक सभेत व्यवस्थापकांनी केलेल्या भाषणाचा मजकूर)



दरवर्षी या सभेत जमाखर्च मांडण्याचे काम माझ्याकडे असते. लेखापरीक्षकांनी तपासलेला ताळेबंद याच अहवालात छापलेला आहे. त्याची पुनरुक्ती करीत नाही. अध्यक्ष महोदयांच्या अनुमतीने आज मी एका वेगळ्या हिशेबाविषयी बोलणार आहे. पाठीच्या कण्याला मार लागून हातपाय निकामी झालेल्या रुग्णाने आशा कशावर धरावी, आणि त्या आशेपायी घरातला व संस्थेचा पैसा कोठे खर्च व्हावा, असा तो हिशेब आहे.

मी वाणिज्य शाखेचा पदवीधर आहे, वैद्यकशास्त्राचा नव्हे. यातील वैद्यकीय भाग मी आपल्या डॉक्टर मंडळींकडून आणि प्रसिद्ध झालेल्या संशोधनातून समजून घेतला आहे. निष्कर्ष मात्र व्यवस्थापक या नात्याने माझा आहे.

हा विषय निवडण्यास दोन कारणे घडली. रुग्णांचे नातेवाईक माझ्या कार्यालयात येतात, तेव्हा पुष्कळदा त्यांच्या हातात वर्तमानपत्राचे कात्रण असते, किंवा मोबाइलवर आलेली एखादी बातमी असते : ‘अमुक देशात लुळे पडलेले उंदीर पुन्हा चालू लागले.’ मग प्रश्न येतो, “साहेब, हे इंजेक्शन आपल्याकडे केव्हा मिळेल? पैशाची सोय आम्ही करू.” ही पैशाची सोय म्हणजे गावाकडची जमीन, आईचे दागिने, किंवा आयुष्यभराच्या कर्जातून घेतलेली डोंबिवलीची एक खोली असते, हे मला ठाऊक आहे. दुसरे कारण असे की, अशा नव्या उपचारांचे एखादे केंद्र आपणही काढावे, अशी सूचना काही हितचिंतकांनी सद्भावनेने केली आहे. तिला सविस्तर उत्तर देणे माझे कर्तव्य आहे.

हे रुग्ण आपल्या परिसरात कोठून येतात, ते प्रथम पाहू. १६ एप्रिल १८५३ रोजी बोरीबंदरहून ठाण्यास पहिली प्रवासी गाडी आली आणि पुढल्याच वर्षी लोहमार्ग कल्याणपर्यंत पोहोचला. त्या मार्गावर आपली शहरे वाढली. आज त्याच मार्गावर दरवाजाला लोंबकळत आपली तरुण मुले कामाला जातात. ९ जून २०२५ रोजी मुंब्र्याजवळच्या वळणावर गर्दीने भरलेल्या दोन लोकलमधून प्रवासी खाली पडले आणि त्यांतील काहींना प्राण गमवावे लागले. अशा अपघातांत किती दगावले याची चर्चा होते. जे वाचले पण कमरेखाली लुळे झाले, त्यांच्याविषयी दुसऱ्या दिवशी कोणी विचारीत नाही. घोडबंदर मार्गावर आणि कल्याणच्या पुढे उंच इमारती उभ्या राहत आहेत. तेथे परातीवरून पडणारा मजूर असतो. दहीहंडीचे थर ठाण्यात नऊ-दहापर्यंत गेले आहेत. तेथे वरून कोसळणारा गोविंदा असतो. या रुग्णांत कमावत्या वयाचे पुरुष अधिक असतात. एका क्षणात घरातील मिळवता हात जातो आणि दुसरा हात त्याच्या सेवेत अडकतो.

मज्जारज्जू हा सुमारे ४५ सेंटिमीटर लांबीचा, करंगळीएवढ्या जाडीचा चेतातंतूंचा जुडगा. मेंदूची आज्ञा हातापायांपर्यंत आणि हातापायांची संवेदना मेंदूपर्यंत तो नेतो. त्वचा कापली तर भरून येते, हाड मोडले तर सांधते. मज्जारज्जू मात्र तसा सांधत नाही. स्पेनचे थोर शास्त्रज्ञ रामोन इ काहाल यांनी १९२८ साली प्रसिद्ध केलेल्या ग्रंथात लिहून ठेवले की, प्रौढ मेंदू व मज्जारज्जूतील तंतू तुटल्यावर पुन्हा वाढत नाहीत. अनेक दशके वैद्यकशास्त्र याच समजुतीवर चालले.

ती समजूत दोन बाजूंनी सैल झाली. १९८१ साली कॅनडात अल्बर्ट अग्वायो व सॅम्युएल डेव्हिड यांनी उंदराच्या पायातील चेतेचा तुकडा मज्जारज्जूजवळ पुलासारखा बसविला, आणि न वाढणारे म्हणून समजले जाणारे तंतू त्या पुलातून कित्येक मिलिमीटर वाढले. याचा अर्थ असा की, तंतूंत वाढीची शक्ती शिल्लक असते; भोवतालची जमीन अनुकूल नसते. दुसरी बाजू म्हणजे वाढ-घटक, ज्यांना इंग्रजीत ग्रोथ फॅक्टर म्हणतात. ही शरीरातच तयार होणारी प्रथिने. कोणत्या पेशीने जगावे, कोणत्या दिशेला वाढावे, याचा संदेश ती देतात. रिटा लेव्ही-मोन्टाल्चिनी या इटालियन विदुषीने, ज्यू असल्यामुळे विद्यापीठाचे दरवाजे बंद झाल्यावर, तुरीन येथे घरातच छोटी प्रयोगशाळा थाटून कोंबडीच्या भ्रूणांवर अभ्यास केला. पुढे अमेरिकेत त्यांनी व स्टॅन्ली कोहेन यांनी चेतापेशींच्या वाढीचा पहिला घटक शोधला. त्याबद्दल दोघांना १९८६ चे नोबेल पारितोषिक मिळाले. १९८२ मध्ये डुकराच्या मेंदूतून दुसरा असा घटक वेगळा करण्यात आला आणि मग या कुळातील आणखी प्रथिने सापडत गेली.

त्यानंतर प्रश्न सरळ होता. हे घटक तुटलेल्या मज्जारज्जूत सोडले तर काय होईल? १९९४ साली स्वित्झर्लंडमधील मार्टिन श्वाब यांच्या गटाने दाखविले की, न्यूरोट्रोफिन-३ नावाच्या घटकामुळे उंदरातील कापलेल्या तंतूंना फुटवे फुटतात. १९९६ मध्ये स्टॉकहोमच्या शास्त्रज्ञांनी उंदराचा मज्जारज्जू पूर्ण कापून, त्या फटीत बारीक चेतांचे पूल बसवून त्यांवर एक वाढ-घटक असलेला डिंकासारखा लेप दिला; त्या उंदरांच्या मागच्या पायांत काही हालचाल परत आली. २०१८ मध्ये अमेरिका व स्वित्झर्लंडच्या शास्त्रज्ञांनी वेगवेगळे वाढ-घटक क्रमाने वापरून तंतू जखमेच्या पलीकडे पोहोचविले. तरीही ते प्राणी चालू लागले नाहीत. तंतू पलीकडे गेले, पण योग्य ठिकाणी पोहोचले नव्हते. २०२३ मध्ये त्याच परंपरेतील गटाने ठरावीक चेतापेशींचे तंतू त्यांच्या मूळ ठिकाणाकडे वळविले, आणि तेव्हा मज्जारज्जू पूर्ण तुटलेले छोटे उंदीर पुन्हा पावले टाकू लागले. कात्रणात येणारी बातमी ही अशी असते. ती खोटी नसते. चार दशकांच्या चिकाटीचे ते फळ आहे आणि त्याबद्दल आपण कृतज्ञ असले पाहिजे.

आपल्या देणगीदारांपैकी अनेकजण अहिंसेवर श्रद्धा असणारे आहेत. प्राण्यांना अशी इजा करणे योग्य आहे काय, असे त्यांनी मला विचारले आहे. प्रश्न रास्त आहे. आपल्या देशात १९६० चा प्राणिक्लेश प्रतिबंधक कायदा व प्रयोगांसंबंधी १९९८ चे नियम आहेत; नोंदणीकृत संस्थेखेरीज आणि नैतिक समितीच्या मान्यतेखेरीज असा प्रयोग करता येत नाही. प्राण्यांऐवजी दुसरा मार्ग असेल तर तो घ्यावा, संख्या शक्य तितकी कमी ठेवावी, वेदना कमी करावी, ही तीन तत्त्वे १९५९ पासून जगभर मांडली गेली आहेत. आपल्या रुग्णालयात प्राण्यांवर कोणताही प्रयोग होत नाही. पण जे ज्ञान त्या मुक्या जिवांच्या मोलाने मिळाले आहे, त्याचा अर्थ लावताना आपण अधिक प्रामाणिक राहिले पाहिजे, एवढे मला निश्चित वाटते.

या प्रयोगांच्या वर्णनात एक गोष्ट मला विशेष जाणवली. मज्जारज्जूला इजा केलेल्या उंदराला लघवी आपोआप होत नाही. म्हणून प्रयोगशाळेतील कर्मचारी सुरुवातीच्या काळात दिवसातून दोन-तीन वेळा त्याचे पोट हलक्या हाताने दाबून मूत्राशय रिकामे करतात. त्याला मऊ, कोरडे अंथरूण देतात. अन्नपाणी तोंडाशी येईल असे ठेवतात. त्वचा रोज तपासतात. हे केले नाही तर उपचार कितीही उत्तम असो, उंदीर जगत नाही आणि प्रयोग पुरा होत नाही. बातमीत ‘उंदीर चालला’ एवढेच छापले जाते. तो चालेपर्यंत जिवंत राहिला तो या शुश्रूषेमुळे, हे छापले जात नाही.

आता उंदीर आणि माणूस यांतील अंतर पाहू. प्रयोगातील इजा मोजून केलेली असते; ठरलेल्या वजनाने, ठरलेल्या मणक्यावर. उपचार ठरलेल्या वेळी सुरू होतो. आपला रुग्ण रुळांवरून उचलला जातो तेव्हा मणका चिरडलेला असतो, फुफ्फुसालाही मार असतो, आणि मोठ्या रुग्णालयात पोहोचेपर्यंत काही तास गेलेले असतात. उंदरात तंतूला काही मिलिमीटर जावे लागते. माणसात ते अंतर कित्येक सेंटिमीटरचे. उंदराच्या पावलांची लय बऱ्याच अंशी मज्जारज्जूच्या खालच्या भागातच ठरते, म्हणून थोड्या तंतूंनीही त्याचे भागते. माणूस दोन पायांवर तोल सांभाळतो. उंदराचे चालणे ० ते २१ गुणांच्या मापाने मोजतात; त्यात चार-पाच गुण वाढणे शास्त्रज्ञाला मोठे यश असते, आणि ते खरेच असते. पण घरच्या माणसाच्या मनात ‘चालणे’ म्हणजे फलाट क्रमांक ५ चा जिना चढणे असते.

शिवाय वाढ-घटक म्हणजे शक्तिवर्धक टॉनिक नव्हे. तो चुकीच्या तंतूंना वाढवू शकतो. काही प्रयोगांत वेदना वाहून नेणारे तंतूच वाढले आणि प्राण्यांत वेदनेची संवेदना तीव्र झाली. मज्जारज्जूतील स्नायुसंचालक पेशी झिजण्याच्या एका असाध्य रोगात, ज्याला एएलएस म्हणतात, १९९० च्या दशकात अशा घटकांची इंजेक्शने माणसांना देऊन पाहण्यात आली. अपेक्षित लाभ दिसला नाही. त्यांतील एका घटकाने तर रुग्णांची भूक व वजन घटले. तंतूंची वाढ रोखणाऱ्या नोगो नावाच्या प्रथिनाला आवर घालण्याचा जो मार्ग झुरिचमध्ये निघाला, त्याने उंदरांत आणि पुढे माकडांतही उत्साहवर्धक परिणाम दाखविले होते. युरोपातील अनेक केंद्रांत रुग्णांवर झालेल्या त्याच्या चाचणीचे निष्कर्ष २०२४ च्या अखेरीस प्रसिद्ध झाले. सर्व रुग्णांचा एकत्र विचार करता ठोस फरक दिसला नाही; अपूर्ण इजा असलेल्या रुग्णांत काही आशादायक चिन्हे दिसली, त्यांची पुढे पडताळणी व्हावयाची आहे. हिशेबाच्या भाषेत सांगायचे तर ही मुदत ठेव आहे. ती सुरक्षित हातांत आहे, वाढतही आहे. पण तिची मुदत अद्याप भरलेली नाही. मुदत भरण्यापूर्वी तिच्या भरवशावर घर विकू नये.

कारण घर विकायला लावणारे लोक आहेत. प्राण्यांत सिद्ध झाले आहे, असे सांगून मूळपेशींची किंवा वाढ-घटकांची इंजेक्शने लाखो रुपयांना विकली जातात. कोणाचे नाव घेण्याचे हे व्यासपीठ नव्हे. पण २०१७ च्या राष्ट्रीय मार्गदर्शक तत्त्वांनी स्पष्ट म्हटले आहे की, रक्ताच्या काही विकारांसारखे मान्यताप्राप्त उपचार वगळता मूळपेशींचा वापर मंजूर चाचणीबाहेर रुग्णांवर करू नये. म्हणून कुटुंबीयांना माझी विनंती आहे की, पैसे देण्यापूर्वी तीन प्रश्न विचारावेत. ही चाचणी ‘क्लिनिकल ट्रायल्स रजिस्ट्री – इंडिया’मध्ये नोंदलेली आहे काय? तिला कोणत्या नैतिक समितीची मान्यता आहे? आणि औषधाचा खर्च कोण करणार? खऱ्या संशोधनात चाचणीचे औषध रुग्णाला विकत घ्यावे लागत नाही, आणि चाचणीमुळे इजा झाल्यास उपचार व भरपाई यांची तरतूद २०१९ च्या नियमांत आहे. जेथे तुमच्याच आजारावरील ‘संशोधना’चे बिल तुमच्याच हाती दिले जाते, तेथून नम्रपणे परतावे. या तीन प्रश्नांसाठी आमचे कार्यालय सदैव उघडे आहे. कागद घेऊन या, आपण एकत्र वाचू.

असे केंद्र आपण काढावे या सूचनेला माझे उत्तर यातच आले. त्यातून उत्पन्न वाढेल, हे खरे आहे. पण ते उत्पन्न कोणाच्या जमिनीतून, कोणाच्या दागिन्यांतून येईल, हे आपण जाणतो. धर्मादाय संस्थेच्या जमेच्या बाजूला अशी रक्कम शोभणार नाही. ज्या दिवशी असा उपचार माणसांत सिद्ध होऊन मान्य होईल, त्या दिवशी तो गरिबांपर्यंत आणण्यासाठी मी सर्वांच्या आधी आपल्या दारी देणगी मागण्यास येईन.

मग आज काय करावे? याचे उत्तर इतिहासात आहे. पहिल्या महायुद्धात मज्जारज्जूला इजा झालेले बहुतेक सैनिक शय्याव्रण आणि मूत्रमार्गाच्या संसर्गाने अल्पकाळात मरण पावत. १९४४ साली इंग्लंडमधील स्टोक मँडव्हिल येथे डॉ. लुडविग गुटमान यांनी विभाग सुरू केला. त्यांच्याकडे तंतू वाढविणारे औषध नव्हते. त्यांनी दर दोन तासांनी रुग्णाची कूस बदलण्याची शिस्त लावली, मूत्राशयाची काळजी घेतली, आणि रुग्णांना काम व खेळ दिले. रुग्ण जगू लागले. १९७२ मध्ये अमेरिकेतील डॉ. लॅपिडीस यांनी दाखविले की, रुग्ण स्वतः स्वच्छ हातांनी ठरावीक वेळी नळी घालून मूत्राशय रिकामे करू शकतो. त्यामुळे मूत्रपिंडे वाचू लागली. या दोन्ही गोष्टी साध्या वाटतात, पण त्यांनीच आजवर सर्वांत अधिक प्राण वाचविले आहेत.

याच्या उलट बाजूचेही उदाहरण आहे. सुपरमॅनची भूमिका करणारे अभिनेते ख्रिस्तोफर रीव्ह १९९५ साली घोड्यावरून पडून मानेखाली लुळे झाले. या संशोधनासाठी त्यांनी जगभर निधी उभा केला. उत्तमोत्तम सेवा त्यांना उपलब्ध होती. तरी ऑक्टोबर २००४ मध्ये त्यांचे निधन झाले, त्या वेळी त्यांच्यावर शय्याव्रणाच्या संसर्गाचे उपचार चालू होते. जेथे अशा व्यक्तीलाही शय्याव्रण सोडीत नाही, तेथे दिव्यातील किंवा उल्हासनगरातील दहा बाय दहाच्या खोलीत काय होत असेल, याचा विचार व्हावा.

आणि नीट सांभाळ झाला तर काय होऊ शकते, हे सांगण्यास परदेशात जाण्याची गरज नाही. सांगली जिल्ह्यातील पेठ येथील मुरलीकांत पेटकर १९६५ च्या युद्धात गोळ्या लागून जायबंदी झाले. एक गोळी पाठीच्या कण्यात राहिली. १९७२ साली जर्मनीतील हायडेलबर्ग येथे पॅरालिम्पिक स्पर्धेत ५० मीटर पोहण्यात त्यांनी भारताचे पहिले सुवर्णपदक मिळविले. २०१८ मध्ये त्यांना पद्मश्रीने गौरविण्यात आले. मुंबईत हाजीअली येथे १९५५ पासून केंद्र सरकारची पुनर्वसन संस्था आहे. पुण्याजवळ खडकी येथे १९७४ पासून जायबंदी जवानांचे पुनर्वसन केंद्र आहे. मार्ग मळलेला आहे. तो आपल्या घराघरांपर्यंत पोहोचलेला नाही.

आता माझ्या विषयाचा आकडा सांगतो. दर दोन तासांनी कूस बदलायची म्हणजे दिवसातून १२ वेळा, वर्षातून ४,३८० वेळा. मूत्राशय दिवसातून पाच वेळा रिकामे करायचे म्हणजे वर्षातून १,८२५ वेळा. ही सेवा कोणतेही रुग्णालय वर्षभर देऊ शकत नाही. ती पत्नी देते, आई देते, कधी शाळकरी भाऊ देतो. रात्री दोन वाजता उठून देतो आणि सकाळी पुन्हा लोकल पकडतो. ही सेवा कोणत्याही ताळेबंदात दिसत नाही. ती कमी पडली तर रुग्ण काही महिन्यांत जखमेसह परत येतो, आणि तेव्हाचा खर्च पहिल्यापेक्षा जड असतो.

म्हणून आगामी वर्षासाठी विश्वस्त मंडळापुढे मी चार कलमी प्रस्ताव ठेवला आहे. पहिले, मज्जारज्जूच्या रुग्णास घरी सोडण्यापूर्वी घरातील निदान दोन व्यक्तींना कूस बदलणे, त्वचा तपासणे, नळी घालणे व खुर्चीत बसविणे यांचे प्रत्यक्ष शिक्षण द्यावे. दुसरे, हवेचे बिछाने व चाकाच्या खुर्च्या यांची भांडारव्यवस्था करून त्या गरजूंना विनामूल्य वापरण्यास द्याव्यात. तिसरे, परिचारिका व भौतिकोपचारतज्ज्ञ यांनी ठाणे ते कल्याण-डोंबिवली या टापूत घरभेटी द्याव्यात. चौथे, रेल्वे स्थानकांवरील हमाल, बांधकामावरील मुकादम आणि गोविंदा पथके यांना अपघातग्रस्ताला कसे उचलावे, हे शिकवावे. हातपाय धरून उचललेला माणूस वाटेतच अधिक जायबंदी होऊ शकतो. मान व पाठ एका रेषेत ठेवून फळीवर घेतलेला माणूस उरलेले तंतू घेऊन रुग्णालयात पोहोचतो.

कायद्याच्या कलम ४१ कक प्रमाणे निर्धन व दुर्बल घटकांसाठी खाटा राखून ठेवणे आणि निर्धन रुग्ण निधी बाजूला काढणे आपण करतोच. पण तो निधी दाखल रुग्णांसाठी आहे. घरी गेल्यानंतरच्या वर्षांची तरतूद त्यात नाही. ती तरतूद देणगीदारांनी करावी, अशी माझी प्रार्थना आहे. या देणगीची कोनशिला बसणार नाही, उद्घाटनाची फीतही कापली जाणार नाही. वर्षाअखेरीस मी आपल्याला एवढेच सांगू शकेन की, इतक्या रुग्णांच्या पाठीवर जखम झाली नाही.

रुग्णांच्या कुटुंबीयांना शेवटी एक गोष्ट सांगतो. आशा सोडा, असे मी मुळीच म्हणत नाही. चाळीस वर्षांपूर्वी जे अशक्य म्हणून लिहिले गेले होते, ते आज प्राण्यांत काही प्रमाणात घडले आहे. उद्या माणसासाठी उपचार आला, तर तो घेण्यासाठी मूत्रपिंडे चांगली हवीत, त्वचा अखंड हवी, सांधे आखडलेले नसावेत. रात्री दोन वाजता तुम्ही जी कूस बदलता, ती त्या दिवसाचीही तयारी आहे. आणि तो दिवस लांबला, तरी आजचा दिवस त्यामुळे सुसह्य होतो.